वाचनालयाच्या सभागृहात छोटे नाट्यगृह: अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ

स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेले एक सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी त्याच्या कार्यकारिणीत आहे. वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर ४० फूट लांब व २८ फूट रुंद असे एक सभागृह असून वर्षातून एकदा होणारी व्याख्यानमाला, दोन-चार पुस्तक प्रकाशने आणि अधूनमधून होणारी वधू-वर सूचक मंडळाची बैठक एवढ्यापुरतेच ते उघडले जाते. बाकीचे दिवस तेथे जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या असतात.

गावात नाटकाची आवड जुनी आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमच्या दोन संस्था जवळपास दरवर्षी उतरतात, महाविद्यालयाची मुले एकांकिका करतात आणि गणेशोत्सवात अजूनही एखादे मंडळ डीजेऐवजी नाटक बसवण्याचा हट्ट धरते. अडचण जागेची आहे. नगरपालिकेचे मोठे नाट्यगृह दुरुस्तीच्या नावाखाली कित्येक महिने बंद असते आणि उघडे असते तेव्हा त्याचे भाडे, अनामत, जनित्राचा खर्च व ध्वनिव्यवस्थेचे पैसे भरून हौशी संस्थेच्या हाती काहीच उरत नाही. शिवाय आठशे खुर्च्यांच्या त्या प्रेक्षागृहात आमचे शंभर-सव्वाशे प्रेक्षक असे विखरून बसतात की, नटाला आपण रिकाम्या गोदामात बोलतो आहोत असे वाटावे. परिणामी तीन महिने तालीम केलेल्या नाटकाचा स्पर्धेतला एक प्रयोग होतो, फार तर गावात दुसरा होतो आणि मग नेपथ्याच्या चौकटी कोणाच्या तरी गोठ्यात जाऊन पडतात.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी असा प्रस्ताव ठेवला आहे की, वरच्या सभागृहाचे शंभर खुर्च्यांचे छोटे नाट्यगृह करावे. मान्यवर सभासदांनी तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींवर माझे उत्तर अडखळले. पहिला प्रश्न असा की, एवढ्याशा जागेत खरोखरीचे नाटक होते का, की नुसती अभिवाचने आणि नाट्यछटा होतील? दुसरा प्रश्न खर्चाचा आहे: आमच्याकडे या कामासाठी साधारण तीन लाख रुपये आहेत, त्यात प्राधान्य कशाला द्यावे? तिसरा प्रश्न आमच्या खजिनदारांचा असून तो मला सर्वांत अवघड वाटतो. ते म्हणाले, "पहिल्या दोन महिन्यांत सगळे येतील, तिसऱ्या महिन्यापासून दिवे लावायला मी आणि पाहायला तुम्ही, असे होणार नाही कशावरून?"

ज्यांनी अशा जागा चालवल्या आहेत, तेथे कामे केली आहेत किंवा नुसते प्रेक्षक म्हणून वर्षानुवर्षे गेले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

दादर पश्चिम

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी प्रेक्षक म्हणून देऊ शकतो, कारण माझ्या तरुणपणीच्या कित्येक संध्याकाळी दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात गेल्या आहेत. ते सभागृह नाटकासाठी बांधलेले नव्हते. शाळेच्या वरच्या मजल्यावरचा तो एक साधा दिवाणखाना होता. जिना चढून जावे लागे, वातानुकूलन नव्हते आणि खालच्या गल्लीतला स्टेशनकडे जाणारा गोंगाट नाटकातल्या शांततेत हमखास घुसे. 'आविष्कार' या संस्थेने १९७४ मध्ये तेथे प्रयोग सुरू केले आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ मराठीतले बरेचसे नवे नाटक त्या जागेत आधी पाहिले गेले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत.

मात्र त्या जागेची आठवण काढताना बहुतेक लोक गाजलेल्या नाटकांची यादी वाचतात आणि ती कशी चालत असे ते सांगायचे विसरतात. माझ्या मते तुमच्या उपयोगाचे तेच आहे. आविष्कारने ती जागा केवळ स्वतःच्या नाटकांसाठी ठेवली नव्हती. इतर संस्था, महाविद्यालयातून नुकते बाहेर पडलेले गट आणि बाहेरगावची मंडळीही तेथे प्रयोग करत. प्रेक्षकाला आज काय आहे हे कधी कधी ठाऊकही नसे. आम्ही 'छबिलदासला जाऊ या' असे म्हणत निघायचो आणि नाटकाचे नाव फळ्यावर वाचायचो. नाटक वाईट निघाले तर जिन्यावर उभे राहून त्याची चिरफाड करायचो आणि पुढच्या वेळी पुन्हा जायचो. आपल्या खजिनदारांच्या प्रश्नाची निम्मी बाजू या सवयीत दडलेली आहे, असे मला वाटते.

नाटक 'खरोखरीचे' होते का, याबद्दल एक उदाहरण देतो. बंगाली नाटककार बादल सरकार यांचे 'जुलूस' अमोल पालेकरांनी मराठीत केले तेव्हा रंगमंच आणि प्रेक्षागृह ही विभागणीच ठेवली नव्हती. प्रेक्षकांच्या मधून, अवतीभवती नट फिरत, घोषणा देत, अंगाला अंग लागेल इतके जवळून जात. मोठ्या नाट्यगृहात ते नाटक झाले असते तर त्याचा निम्मा जीव गेला असता. सरकार स्वतः कोलकात्यात मोठ्या रंगमंचावरून बाहेर पडून 'अंगनमंचा'कडे, म्हणजे अंगणासारख्या मोकळ्या जागेत प्रेक्षकांलगत होणाऱ्या नाटकाकडे वळले, ते नाइलाजाने नव्हे तर विचारपूर्वक. तेव्हा छोट्या जागेत मोठ्या जागेचेच नाटक कोंबून बसवायचे असेल तर त्रास होईल. त्या जागेचे म्हणून नाटक शोधाल तर होणार नाही. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' तर मुळात एका गावात प्रयोगाला आलेल्या हौशी मंडळीचेच नाटक आहे आणि त्याला एक खोली, काही खुर्च्या आणि एक न उघडणारे दार यापलीकडे फारसे काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट सहज आठवली म्हणून लिहितो. आविष्कारच्या 'चंद्रशाळा' या विभागात सुलभाताई मुलांची नाटके बसवत. 'दुर्गा झाली गौरी'सारख्या नृत्यनाट्यात एकाच वेळी इतकी मुले असत की, त्यांचे आईवडील, आजी, शेजारी आणि वर्गातले मित्र एवढेच आले तरी प्रेक्षागृह भरावे. यातली बरीच मुले पुढे नाटकवाली झाली, हे खरेच. परंतु त्यांच्यामुळे नाटक पाहायला शिकलेल्या घरांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असणार. आपल्या वाचनालयाचा बालविभाग असेलच. प्रारंभ तेथून करावा, असे मी सुचवीन.

प्रकाशझोत

मी तेवीस वर्षे हौशी व प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करतो आहे. दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो आणि आकडे घेऊनच लिहितो, कारण अशा प्रकल्पांत पैसा बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी जातो.

सर्वप्रथम, आपल्या जागेत शंभर खुर्च्या बसणार नाहीत. ४० फुटांपैकी १६ फूट नाटकाला दिले तर प्रेक्षकांना २४ फूट उरतात. दोन रांगांत तीन फुटांचे अंतर धरले तर आठ रांगा होतात, त्यातली एक येण्याजाण्यात जाते. २८ फूट रुंदीतून दोन्ही बाजूंना चार-चार फुटांची वाट सोडली की २० फुटांत बारा खुर्च्या बसतात. म्हणजे सात गुणिले बारा, चौऱ्याऐंशी. पुढे दोन रांगा सतरंजीच्या केल्या तर मुलांच्या नाटकाला शंभर माणसे सहज मावतील, पण मोठ्यांच्या नाटकाला चौऱ्याऐंशीच्या वर तिकीट काढू नये.

आता छताची उंची मोजून घ्यावी. जुन्या इमारतींच्या पहिल्या मजल्यावर ती बहुधा अकरा-बारा फूट असते. एवढ्या उंचीत पुढे दोन-अडीच फुटांचा लाकडी रंगमंच बांधण्याची चूक करू नका. नटाचे डोके दिव्यांत जाईल आणि उभ्या माणसावर वरून पडणारा प्रकाश त्याच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या करील. नाटक फरशीवरच होऊ द्यावे आणि मागच्या प्रेक्षकांना उचलावे. पहिल्या दोन रांगा जमिनीवर, मधल्या तीन रांगा एक फूट उंचीच्या लेव्हलवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यांवर, आणि शेवटच्या दोन रांगा दोन फुटांवर घेतल्या की सर्वांना नटाचे पाय दिसतात. पाय दिसणे किती महत्त्वाचे असते, हे नाटक करणाऱ्यालाच कळते. लेव्हल सुट्ट्या व घडीच्या करून घ्याव्यात, म्हणजे व्याख्यानमालेच्या वेळी त्या भिंतीला लावून ठेवता येतील आणि कधी प्रेक्षकांना तीन बाजूंनी बसवावेसे वाटले तर तेही करता येईल.

दिव्यांचे गणित असे आहे. जुन्या पद्धतीचे हजार वॅटचे बारा पार (रंगमंचावरचे झोताचे दिवे) लावले तर बारा हजार वॅट होतात, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ५२ अँपिअर. वाचनालयाची जोडणी सिंगल फेज असेल तर सगळे दिवे उजळताच फ्यूज उडेल आणि खालच्या वाचनकक्षातले वाचकही आपल्याबरोबर काळोखात बसतील. त्याऐवजी दीडशे वॅटचे बारा एलईडी पार घेतल्यास एकूण भार अठराशे वॅट, साधारण आठ अँपिअर होतो आणि वायरिंग फारसे बदलावे लागत नाही. हॅलोजनच्या प्रकाशात माणसाची त्वचा जशी जिवंत दिसते तशी एलईडीत दिसत नाही, हे माझे दुःख आहे. परंतु आपल्या अंदाजपत्रकात दुःखाला जागा नाही. दिवे घेताना एकच काळजी घ्या. छत बुटके असल्याने दिवा नटापासून सहा-सात फुटांवर असणार, आणि २५ अंशांचा झोत तेवढ्या अंतरात जेमतेम तीन फुटांचे वर्तुळ उजळतो. त्यामुळे रुंद कोनाचे दिवे मागून घ्यावेत.

ध्वनिक्षेपकावर एक रुपया घालू नका. चौऱ्याऐंशी माणसांपुढे ध्वनिक्षेपक लागत असेल तर दोष नटाच्या आवाजाचा नसून पंख्याचा असतो. छताचे जुने पंखे बदलून कमी आवाजाचे घ्यावेत, खिडक्यांना आतून जाड काळे पडदे लावावेत, मागच्या भिंतीवरही कापड सोडावे. घुमणारा आवाज बराच ताब्यात येतो. उलट, आपल्या स्पर्धेच्या नटांना सांगावे लागेल की, बाबांनो, आता ओरडायचे नाही. स्पर्धेचा आवाज हा एक वेगळाच आजार आहे. शेवटच्या रांगेतल्या परीक्षकापर्यंत पोहोचण्याच्या धास्तीने घडलेला तो आवाज चार फुटांवर बसलेल्या माणसाला दमदाटीसारखा लागतो, आणि अशा नटाला खालच्या पट्टीत बोलायला शिकवणे हे नवशिक्याला नाटक शिकवण्यापेक्षा अवघड जाते. माझ्या पाहण्यात काही उत्तम नट पहिल्या तालमीत अशा जागेला अक्षरशः घाबरले आहेत.

शेवटची बाब गमतीची नाही. आपण जिन्याचा उल्लेख केला नाही. पहिल्या मजल्यावर जाण्यायेण्याला एकच अरुंद जिना असेल तर आधी दुसऱ्या जिन्याचा विचार करा आणि दिव्यांचा नंतर. काळे पडदे, लाकडी लेव्हल, वीज, काळोख आणि ऐंशी माणसे एकत्र आल्यावर एकच दार असणे मला मान्य नाही. अग्निशमन यंत्रे, दारांवर काळोखात दिसणारी 'बाहेर' अशी पाटी आणि स्थानिक प्रशासनाचे ना-हरकत प्रमाणपत्र यांत तीन लाखांतले लाखभर गेले तरी ते जाऊ द्यावेत. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी लागते, हे आपल्या संस्थांना स्पर्धेमुळे ठाऊक असेलच. जागा छोटी आहे म्हणून लेखकाचे मानधन बुडवण्याची प्रथा मात्र कृपया सुरू करू नये.

झाडीचा माणूस

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले. तरी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे, आणि ते कदाचित आपल्या प्रस्तावाच्या विरुद्ध जाईल.

मी वडसा देसाईगंजच्या बाजूचा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो, मंडई म्हणजे गावची जत्रा असो, गावात पाहुणे आले की रात्री नाटक हे ठरलेले. कापडी मंडप उभा राहतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत हजारो माणसे, लेकुरवाळ्या बायकांसह, थंडीत घोंगड्या पांघरून बसलेली असतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर शहरातल्या लोकांना ही रंगभूमी ठाऊक झाली. आम्हाला ती आजोबांपासून ठाऊक आहे.

आमच्या नाटकांवर भडकपणाचा आरोप होतो आणि काही वेळा तो खराही असतो. परंतु आपल्या खजिनदारांचा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आमच्याकडे कंपनी गावात येऊन आपले नशीब अजमावत नाही. गावातले मंडळ कंपनीकडून नाटक ठरवते, तिला ठरलेली रक्कम देते, मंडप टाकते, तिकिटे विकते आणि उरलेला पैसा गावाच्या कामाला लावते. म्हणजे नाटक पडले तर गावाचे पडते. त्यामुळे तिकीट विकायला सरपंचापासून शाळेच्या मास्तरांपर्यंत सगळे घरोघर जातात, आणि लेकीजावयांना निरोप धाडले जातात की अमुक तारखेला आपल्या गावी नाटक आहे, मुक्कामाला या.

आपल्या पत्रात नाट्यसंस्था आहेत, वाचनालय आहे, नगरपालिका आहे. नाटकाचे यजमान कोण, हे मात्र मला सापडले नाही. नाट्यसंस्था नाटक करणार, वाचनालय जागा देणार आणि प्रेक्षकाने येऊन बसायचे, अशी मांडणी असेल तर प्रेक्षक हा पाहुणा राहतो, आणि पाहुणा दोनदाच येतो. काळे पडदे आणि दिवे नंतर घ्या. आधी गावातली दहा-बारा घरे, मंडळे, पतसंस्था, बचत गट शोधा, जे म्हणतील की या महिन्याचे नाटक आमचे. ते न मिळाल्यास माझा सल्ला असा राहील की नाट्यगृह करू नये आणि तीन लाखांची पुस्तके घ्यावीत.

अंत्रुज

झाडीच्या माणसाने जे लिहिले त्याला गोव्यातून दुजोरा देतो. आमच्याकडे याला उत्सवी रंगभूमी म्हणतात. देवळाची जत्रा, काला, वर्धापनदिन किंवा गावातल्या एखाद्या मंडळाचा उत्सव असला की नाटक व्हायचेच, आणि करणारे गावातलेच: कोणी शिक्षक, कोणी बागायतदार, कोणी कदंबच्या बसवरचा वाहक. २०११ च्या जनगणनेत ज्या राज्याची लोकसंख्या पंधरा लाखही भरली नाही, तेथे मराठी व कोकणी मिळून दरवर्षी किती नाटके उभी राहतात हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही.

आमच्या वाड्यावरचा क्रम असा. चतुर्थी झाली की नाटक निवडायची बैठक होते आणि त्यात निदान एक भांडण होते. तालीम रात्री जेवणानंतर, कारण दिवसा सगळे कामावर. पडदे, रंगभूषा आणि दिवे भाड्याने येतात. मध्यवर्ती भूमिका करणारा माणूस तीस वर्षे तीच भूमिका करीत असतो आणि त्याला बदलण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. विंगेत प्रॉम्प्टर असतो आणि त्याचा आवाज पहिल्या चार रांगांना ऐकू येतो. त्या रांगांतल्या म्हाताऱ्यांना संवाद पाठच असल्याने तेही प्रॉम्प्टिंग करतात. कलेच्या कसोटीवर यातले बरेचसे उणे ठरेल. परंतु मंडप रिकामा राहिल्याचे मी पाहिलेले नाही, कारण पाहणाऱ्याला नाटकाइतकाच आपल्या शेजाऱ्याला पाहायचे असते. काल पोस्टात टपाल देणारा माणूस आज अफझलखान झालेला असतो.

म्हणून दादर पश्चिम यांच्या म्हणण्यात मला किंचित भर घालावीशी वाटते. छबिलदासचा प्रेक्षक नवे नाटक पाहायला येत होता आणि आमचा प्रेक्षक ओळखीचा माणूस पाहायला येतो. आपल्या गावात नव्याची ओढ असलेले प्रेक्षक पन्नासच असतील, पण ओळखीच्या माणसाला पाहायला येणारे पाच हजार असतील. वर्षातून चार प्रयोग तरी असे ठेवावेत की, ज्यांत रंगमंचावर कधी न चढलेली माणसे असतील. औषधाच्या दुकानाचे मालक, पशुवैद्य, तालुका न्यायालयातले कारकून. चौऱ्याऐंशी खुर्च्यांची जागा अशा माणसांना फार सोयीची असते, कारण त्यांना आवाज चढवावा लागत नाही आणि चुकले तरी समोरची माणसे घरचीच असतात. आमच्या गावच्या जत्रेत मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा दुसऱ्या अंकातला माझा अख्खा संवाद विसरलो होतो. तो पुढच्या रांगेतून माझ्या काकीने सांगितला.

मिशिगन अव्हेन्यू

मी शिकागोत राहतो आणि येथल्या महाराष्ट्र मंडळाच्या एकांकिकांत कामे करतो, म्हणून केवळ एक स्थानिक गोष्ट सांगतो. येथे मिशिगन अव्हेन्यूवर फाइन आर्ट्स बिल्डिंग नावाची जुनी इमारत आहे. तिच्या चौथ्या मजल्यावर १९१२ मध्ये मॉरिस ब्राउन आणि एलेन व्हॅन व्होल्केनबर्ग या जोडप्याने 'शिकागो लिटल थिएटर' सुरू केले. खुर्च्या होत्या ९१, म्हणजे आपल्यापेक्षा सातच जास्त. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसचे 'ट्रोजन वुमन' त्यांनी त्या जागेत केले. अमेरिकेत त्यानंतर गावोगावी जी छोटी नाट्यगृहे निघाली, त्या चळवळीच्या आरंभी या जागेचे नाव घेतले जाते. अमेरिकन नाटककार युजीन ओनीलचे रंगमंचावर आलेले पहिले नाटक १९१६ मध्ये प्रॉव्हिन्सटाउन या मासेमारांच्या गावी धक्क्यावरच्या एका लाकडी कोठारात झाले, तेही याच लाटेत.

मात्र शिकागोचे ते नाट्यगृह १९१७ मध्ये कर्जापायी बंद पडले. ९१ खुर्च्या रोज भरल्या तरी मोठ्या शहरातल्या मध्यवर्ती इमारतीचे भाडे त्यातून निघणे कठीण होते. आपल्याकडे जागा वाचनालयाची आहे आणि भाडे नाही, ही मोठीच जमेची बाजू समजावी. तरीही तिकिटाच्या पैशांवर हिशेब मांडू नये. शंभर रुपये तिकीट ठेवले आणि साठ टक्के खुर्च्या भरल्या तर एका प्रयोगाचे पाच हजार रुपये येतील. त्यातून वीज, सफाई आणि पाहुण्या संस्थेचे जेवणखाण एवढेच भागेल. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही, त्यामुळे तेवढी तरी कटकट नसावी.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्व प्रतिसाद छापून मी काल कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवले. झाडीच्या माणसाचे 'तीन लाखांची पुस्तके घ्यावीत' हे वाक्य ग्रंथपालांना विशेष आवडले आणि त्यांनी ते इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरला.

छत मोजले; पावणेबारा फूट भरले. जिना एकच आहे आणि तो साडेतीन फुटांचा आहे. मागच्या अंगणात उतरणारा लोखंडी जिना बसवल्याशिवाय काहीही सुरू करायचे नाही, असे एकमताने ठरले. लोहाराचा अंदाज आल्यावर उरलेल्या पैशांत लेव्हल, पडदे आणि आठच दिवे येतील असे दिसते. उरलेले चार दिवे दोन्ही नाट्यसंस्थांनी आपसांत वर्गणी काढून द्यावेत, असे मी सुचवले आहे. या दोन संस्था गेली अकरा वर्षे एकमेकींशी बोलत नाहीत, तेव्हा हे कसे घडते ते पाहायचे.

यजमानांचा प्रश्न मला खरोखर सुचला नव्हता. त्यावर चर्चा होऊन असे ठरले की, दर महिन्याचा दुसरा शनिवार हा दिवस पक्का धरायचा आणि कोणत्याही कारणाने तो पुढे ढकलायचा नाही. नाटक तयार नसेल तर त्या दिवशी अभिवाचन होईल, तेही नसेल तर शाळेची मुले काहीतरी करतील, पण दार उघडेल. प्रत्येक शनिवारचे यजमानपद एकेका मंडळाकडे द्यायचे. पहिल्या सहा महिन्यांपैकी चार महिन्यांसाठी होकार आला आहे: दोन गणेशोत्सव मंडळे, एक महिला बचत गट आणि निवृत्त शिक्षकांचा कट्टा. बचत गटाने तर विचारले की नाटक आम्हीच केले तर चालेल का. खजिनदार अजूनही साशंक आहेत, तथापि किल्ली आपल्याकडेच राहील या अटीवर ते तयार झाले.

एक छोटा प्रश्न उरला आहे आणि त्यावर बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला. चहा मध्यंतरात द्यावा की नाटकानंतर? बचत गटाचे म्हणणे आहे की मध्यंतरात वडा आणि चहा ठेवला तर खर्च निघेल.

प्रकाशझोत

लोखंडी जिन्याबद्दल अभिनंदन. त्याच्या पायऱ्यांना खाचा असलेला पत्रा लावून घ्या, पावसाळ्यात घसरते.

चहाबद्दल माझे मत नाटकवाल्याचे आहे. अशा जागेसाठी सव्वा-दीड तासाचे दीर्घांक निवडावेत आणि मध्यंतर ठेवूच नये. एकदा उजेड झाला आणि वड्याचा वास आला की पुन्हा काळोखात सर्वांना गोळा करणे फार कठीण जाते. शिवाय ऐंशी माणसे त्या साडेतीन फुटी जिन्याने दहा मिनिटांत खाली जाऊन वर येणार नाहीत.

दादर पश्चिम

सहमत. वडा मात्र असावाच. तो नाटक सुटल्यावर खालच्या वाचनकक्षात ठेवावा आणि नटांना रंग पुसायच्या आधीच खाली बोलवावे. बचत गटाचा खर्च निघेल आणि मंडळी तासभर हलणार नाहीत. ग्रंथपालांना तेवढे सांगून ठेवा की, त्या रात्री वर्तमानपत्रांच्या टेबलांवर तेलकट हात लागतील.